दोन गुणांचे स्वमत

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली एक कृती 'पर्सनल रिस्पॉन्स'ची असते. तिला दोन गुण. मराठीच्या कृतिपत्रिकेत हीच गोष्ट 'स्वमत' या नावाने येते. तुम्हाला काय वाटते ते तुमच्या शब्दांत लिहा, असा हा प्रश्न. आणि त्याची उत्तरे गाइडमध्ये छापील मिळतात. मुले ती पाठ करतात, कृतिपत्रिकेत जशीच्या तशी उतरवतात आणि आम्ही शिक्षक दोनपैकी दोन गुण देऊन मोकळे होतो. स्वतःचे मत दुसऱ्याच्या शब्दांत पाठ करायचे, यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. मलाही बरीच वर्षे वाटले नाही. ते वाटायला लागले दोन अमेरिकन कादंबऱ्यांमुळे. नववीच्या मुलामुलींनी त्या कादंबऱ्यांविषयी जे म्हटले, त्याचा विचार मी येथे करणार आहे. मुलांच्या अशा बोलण्याला समीक्षा म्हणावे की नाही ते वाचकांनी ठरवावे. मी म्हणते.

वसईचे नाव काढले की लोकांना किल्ला, केळीच्या बागा, चर्च आणि समुद्र आठवतो. वालीव त्या वसईत नाही. ते पूर्वेला, रेल्वे आणि अहमदाबाद महामार्ग यांच्यामधल्या कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. आमच्या वर्गाच्या खिडकीतून गाळ्यांचे पत्रे दिसतात. बहुतेक मुलांचे वडील या गाळ्यांत प्रेसवर, मोल्डिंगवर नाहीतर पॅकिंगला असतात. काही जण रिक्षा चालवतात. घरी अवधी किंवा भोजपुरी, वर्गात उर्दू, नाक्यावर मुंबईची हिंदी आणि मराठी पाठ्यपुस्तकात, दुकानांच्या पाट्यांवर आणि सरकारी कागदावर. कोकणी मुसलमानांची दोन-तीन मुले आहेत. त्यांच्या घरची बोली मराठीला जवळची, पण वर्गात ती तोंडातून काढायला ती लाजतात.

अभ्यासक्रमात अख्खी कादंबरी कुठेच नाही. बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत २०२० पासून कादंबऱ्यांचे उतारे आले. त्यांत ब्रेथवेटची 'टू सर, विथ लव्ह' आहे, ज्यूल व्हर्न आहे, शेरलॉक होम्स आहे. अमेरिकन कुणी नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या वाचनात अमेरिका आली ती निव्वळ योगायोगाने. शाळेच्या कपाटात पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' होते आणि माझ्या घरी हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' होती. शनिवारचा शेवटचा तास मोकळा मिळायचा. त्या तासाला मी वाचायची आणि मुले ऐकायची. अडले की उर्दूत सांगायची. वाचून झाले की वहीत एक पान लिहायचे: जे वाटले ते, आणि ज्या भाषेत वाटले त्या भाषेत.

पहिल्या शनिवारच्या वह्या मी घरी नेल्या. चाळीसपैकी जवळजवळ तीस वह्यांत एकच वाक्य होते. प्रयत्न करत राहावे, हार मानू नये, अशी शिकवण या कथेतून मिळते. अजून म्हातारा समुद्रावर गेलासुद्धा नव्हता.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ साली आली, १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये लेखकाला नोबेल. पु. लं.चे भाषांतर १९६५ चे. त्या भाषांतराचे शीर्षक मराठी वाचकाला फार गोड वाटते. कोळी म्हणजे मासेमार आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा कीटकही. शिवाय जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतली कोळ्याची कविता त्या शब्दांत जागी होते. पुन्हा पुन्हा पडणारा आणि शेवटी वर पोचणारा तो कोळी. आमच्या मुलांना हे काहीच लागू पडत नव्हते. उर्दूत मकडी वेगळी आणि मछेरा वेगळा. तेव्हा मला फळ्यावर लिहून शीर्षक समजावावे लागले. समजल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मकडी तो ऊपर पहुँच गई थी ना? बूढ़ा कहाँ पहुँचा?"

हा प्रश्न मी कुठल्याही समीक्षेत वाचला नव्हता. कवितेतला कोळी यशस्वी होतो. त्याचे जाळे बांधून होते, म्हणूनच ती गोष्ट मुलांना सांगतात. हेमिंग्वेचा सांतियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परत येतो. पंच्याऐंशीव्या दिवशी त्याला आयुष्यातला सर्वांत मोठा मासा लागतो आणि किनाऱ्याला येतो तो त्याचा नुसता सांगाडा. शीर्षकातल्या श्लेषाने त्या म्हाताऱ्याच्या होडीत कोळ्याची शिकवण आधीच चढवून ठेवली आहे. पु. लं.ना दोष द्यावा असे मला म्हणायचे नाही. इतका सहज सुचलेला शब्द कुणीही सोडला नसता. पण मराठीत ही कादंबरी जिद्दीची कथा म्हणून वाचली जाते, त्यात या शीर्षकाचाही वाटा असावा. मुलांच्या वह्यांतले ते तीस वेळा आलेले वाक्य मूळ पुस्तकातले नव्हते. ते कवितेच्या कोळ्याचे होते, आणि मुलांनी ती कविता वाचलेली नसतानाही ते त्यांच्यापर्यंत पोचले होते.

आणखी एका मुलाला कोळी म्हटल्यावर गार-ए-सौर आठवली. गुहेच्या तोंडावर जाळे विणणारी मकडी. त्याने अर्धे पान त्यावरच लिहिले, आणि छान लिहिले. पण तो प्रतिसाद शीर्षकातल्या एका शब्दाला होता. कादंबरीत त्याला कुठे जागा सापडते का ते आम्ही शोधले. सापडली नाही. त्याने स्वतःच ते पान दुमडून ठेवले.

खरी वाचनाची सुरुवात झाली ती हिशेबापासून. मासा मारून होडीला बांधल्यावर सांतियागो मनात गणित मांडतो. वजन पंधराशे पौंडांच्या वर असेल; साफ केल्यावर दोन-तृतीयांश उरेल; पौंडाला तीस सेंट भाव. पुढे त्याला हिशेब जमत नाही, पेन्सिल हवी होती असे तो म्हणतो. मी पुढे वाचायला लागले तर मागून आवाज आला, "रुको टीचर, निकालते हैं." एक मुलगा फळ्याशी गेला. पंधराशेचे दोन-तृतीयांश हजार पौंड. तीस सेंटने तीनशे डॉलर. कुणी पौंडाचे किलो केले, साडेचारशेच्या आसपास आले. मग पहिला शार्क आला आणि चाळीस पौंड घेऊन गेला. फळ्यावरचा मुलगा म्हणाला, "बारा डॉलर गया." त्यानंतर दोन शार्क येतात आणि म्हाताऱ्याच्या अंदाजाने पाव मासा जातो, तोही चांगल्या मांसाचा. मुलाने पुन्हा वजाबाकी केली. बरची गेली, सुरी मोडली, सोटा गेला, सुकाणूचा दांडा तुटला. फळ्यावरचा आकडा खाली येत गेला. शून्य झाल्यावर मुलाने खडू ठेवला आणि वर्ग गप्प झाला.

मी ही कादंबरी त्याआधी तीनदा वाचली होती. त्या हिशेबावरून मी दर वेळी घाईने पुढे गेले होते, कारण मला सिंहांची स्वप्ने आणि माणसाचे मोठेपण गाठायचे होते. वालीवच्या मुलांना दर आणि वजन आधी दिसले. घरी बाप पीसवर काम करतो. किती नग निघाले, किती रिजेक्ट झाले, हे रात्री जेवताना बोलले जाते. त्यांच्या हिशेबाने मला कादंबरीची बांधणी दिसली. सांतियागोला पेन्सिल मिळत नाही, पण लेखक हिशेब सोडत नाही. मासा केवढा होता, कितीला गेला असता, कोणी किती खाल्ला, हे तो नेमके सांगत राहतो. म्हाताऱ्याचे मोठेपण आपल्याला पटते ते हा खर्च डोळ्यांसमोर झाल्यामुळे. तो काढून टाकला तर गाइडमधले ते एक वाक्य उरते.

त्या दिवशी मुलांनी घोळ माशांचा विषय काढला. आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या मच्छीमारांना २०२१ मध्ये एका फेरीत दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि लिलावात एक कोटी तेहतीस लाख रुपये आले, ही बातमी मोबाइलवर सर्वांनी पाहिली होती. "यह बूढ़ा मुरबे में होता तो?" यावर बराच दंगा झाला. मी तो होऊ दिला. शेवटी एकीने सांगितले की मुरब्याच्या लोकांची बोट मोठी होती आणि बरोबर माणसे होती. म्हाताऱ्याच्या बरोबर कुणी नव्हते. म्हातारा समुद्रावर पुन्हा पुन्हा हेच म्हणत असतो, मुलगा बरोबर हवा होता. दंग्यातून बोलणे आपोआप पुस्तकाकडे परत आले.

"इसमें अमेरिका किधर है?" असेही एकाने विचारले. मी म्हटले, लेखक अमेरिकन आहे, गोष्ट क्यूबाची आहे. त्याने पुस्तक मागून घेतले आणि पुढच्या शनिवारी यादी करून आणली. अमेरिका या पुस्तकात जुन्या वर्तमानपत्रात आहे, बेसबॉलच्या बातम्यांत आहे, डिमॅजिओ या खेळाडूत आहे. म्हाताऱ्याला त्याचा अभिमान वाटतो, कारण त्याचे वडील मासेमार होते. मुलाने खाली लिहिले होते, "जैसे हमारे यहाँ दुबई." ज्यांच्या घरातला कुणी आखातात आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. शेवटी हॉटेलात पर्यटक येतात. त्यांतल्या बाईला तो सांगाडा शार्कचाच वाटतो आणि शार्कची शेपटी इतकी देखणी असते हे माहीत नव्हते म्हणते. तीन दिवस जे घडले त्याची बाहेरच्या माणसाच्या हाती येणारी किंमत एवढीच. हे एका मुलीने लिहिले होते. शब्द वेगळे होते, मुद्दा हाच होता.

आता त्या वहीकडे येते जिच्यावर मी लाल शाईने चूक केली. मनोलिन हा पोरगा पहिले चाळीस दिवस म्हाताऱ्याबरोबर जातो. मासा मिळत नाही म्हणून त्याचे आईवडील त्याला दुसऱ्या होडीवर पाठवतात आणि त्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळतात. वर्गात सर्वांना त्या आईवडिलांचा राग आला होता. एका मुलाने उर्दू लिपीत, पण भाषा अर्धी मराठी अर्धी हिंदी, असे लिहिले: मनोलिनच्या बापाने बरोबर केले. चाळीस दिवस घरात काही आले नाही तर काय करणार? म्हाताऱ्याचे त्याच्यावर प्रेम होते तर त्यानेच त्याला पाठवायला पाहिजे होते. मी खाली लिहिले, 'कथेचा आशय लक्षात घे.' त्याने आशयच लक्षात घेतला होता. पुस्तकात मनोलिन म्हणतो की मी मुलगा आहे, वडिलांचे ऐकले पाहिजे. म्हातारा म्हणतो, ते साहजिकच आहे. आईवडिलांना दोष कोणीच देत नाही, लेखकसुद्धा नाही. तो दोष आम्ही बाहेरून आणला होता. वर्गातल्या एका मुलाने तो नाकारला आणि मी त्याला चूक ठरवले. तो मुलगा शेवटच्या शनिवारी आला नाही. नववीनंतर तो शाळेत आलाच नाही.

बी. एड.ला मी हर्बार्टची पंचपदी पाठ केली होती. लुईस रोझेनब्लॅट हे नाव मला फार उशिरा भेटले. या अमेरिकन अध्यापिकेने १९३८ मध्ये 'लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन' हा ग्रंथ लिहिला. मुलगा पुस्तकाला जे स्वतःचे देतो तिथूनच साहित्याचे शिक्षण सुरू होते, असे तिचे म्हणणे. पण तेवढ्यावर ती थांबत नाही. तो प्रतिसाद घेऊन विद्यार्थ्याने परत पुस्तकाकडे जावे, तिथे तो टिकतो का ते पाहावे. गार-ए-सौरच्या मुलाने तेच केले आणि पान दुमडले. मनोलिनच्या मुलाचा प्रतिसाद टिकत होता. मी तो पुस्तकाकडे नेला नाही. आमच्याकडे स्वमताचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. ते पुस्तकाशी भिडवून पाहण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही.

मुसलमान विद्यार्थी आणि अमेरिकन कादंबरी म्हटले की हल्ली सर्वांना आझर नफिसी यांचे 'रीडिंग लोलिता इन तेहरान' (२००३) आठवते. त्यात विद्यापीठाच्या वर्गात 'द ग्रेट गॅट्सबी'वर खटला भरतात. एक विद्यार्थी सरकारी वकील होतो, एक विद्यार्थिनी बचावाची. प्रसंग रंगतदार आहे. तरीही त्या पुस्तकावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. आक्षेप घेणारा विद्यार्थी तिथे बहुतांशी बाईंचे बरोबर ठरावे म्हणूनच उभा असतो. वर्गात बरोबर ठरण्याचा मोह मलाही होतो. पुढचा प्रसंग त्याचाच आहे.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० ची. १९३० च्या दशकातले अलाबामातले मेकोम हे गाव, वकील ॲटिकस फिंच, त्याची मुलगी स्काउट ही निवेदक. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. मुलगे-मुली एकत्र बसलेल्या वर्गात हा शब्द कसा उच्चारायचा याची मला धास्ती होती. मी 'इज्जतीवर हात टाकला' वगैरे म्हणू लागले तेव्हा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "टीचर, हमको मालूम है." कोर्टाची प्रकरणे मी इंग्रजीतून वाचून सोप्या उर्दूत सांगत गेले. टॉमचा डावा हात लहानपणी यंत्रात सापडून निकामी झालेला. मुलीच्या चेहऱ्यावर मार उजवीकडे, आणि तिचा बाप डावखुरा. इथपर्यंत वर्ग श्वास रोखून ऐकत होता. टॉम साक्षीत सांगतो की त्या मुलीची मला दया आली म्हणून मी तिची कामे करून द्यायचो. एक मुलगा पुटपुटला, "वहीं केस हार गया." बरोबर तिथेच सरकारी वकील त्याला पकडतो. काळ्या मजुराने गोऱ्या मुलीची कीव करावी, हे त्या कोर्टाला आरोपापेक्षाही जड जाते. गाइडने या ठिकाणी दया हा थोर गुण आहे असे लिहिले असते.

निकाल विरुद्ध जातो. अपिलाची आशा असताना टॉम तुरुंगातून पळायला बघतो आणि त्याला गोळ्या घालतात. अंगावर सतरा खुणा. "भागा क्यों? अपील होने वाली थी ना," असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "तारीख कब लगेगी, किसको मालूम." तो असे का म्हणाला ते मी विचारले नाही.

मी मात्र तो क्षण साधला. म्हटले, ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते का? मला उत्तर हवे होते आणि ते कोणते हवे होते हेही मला माहीत होते. वर्तमानपत्रातली नावे माझ्या डोक्यात तयार होती. वर्ग गप्प राहिला. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ येऊन म्हणाली, "हर किताब में मरने वाले हम ही क्यों, टीचर?"

मी तिला काही उत्तर देऊ शकले नाही. गाइडचा प्रश्न शिकवणीचा होता, माझा समाजाचा होता, एवढाच फरक. दोन्हींत उत्तर आधी ठरलेले होते आणि मुलांनी ते फक्त भरायचे होते. अन्याय झालेला माणूस दिसला की हा आपलाच, असे म्हणण्याची आपल्या लेखनात सवय झाली आहे. या सवयीला मोठा वारसा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नावच अमेरिकेतून घेतले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीच्या चर्चेत आणले आणि दलित साहित्याला त्यातून बळ मिळाले. आपल्या चळवळीने दलित साहित्याकडून जे घेतले त्यात हा आरसाही आला. पण फुल्यांनी आणि पँथरने आरशात पाहून स्वतःचे लिहिले. माझ्या वर्गात मी मुलांना फक्त टॉमच्या जागी बसवत होते.

मग ज्या मुलाने 'केस हारली' म्हटले होते, त्याची वही आली. त्यात एक प्रश्न होता: टॉम घरी काय बोलत असेल? आम्ही पाने उलटून पाहिली. एकतीस प्रकरणांच्या कादंबरीत टॉम मनमोकळे बोलतो असे जवळजवळ एकच प्रकरण आहे, तेही साक्षीचे, म्हणजे वकिलाने विचारले तर. त्याची बायको हेलन नवऱ्याच्या मरणाची बातमी ऐकून कोसळते. ते आपल्याला कळते ते डिल या गोऱ्या मुलाने पाहून सांगितल्यामुळे. टॉम कुणावर रागावत नाही. तो इतका चांगला आहे की त्याच्यावरचा अन्याय कुणालाही पटावा. हा माणूस मराठी वाचकाला परका नाही. आपल्या कथाकादंबऱ्यांत आणि चित्रपटांत तो रहीमचाचा होऊन येतो, नायकासाठी जीव टाकतो आणि स्वतःच्या घरात काय बोलतो ते कधीच कळत नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे अनेक कारणे होती. चाचाचे घर आतून लिहावे, हे त्यांतले एक होते असे मी समजते.

हा आक्षेप अमेरिकेतही आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टिओ येथील शाळा मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये ही कादंबरी नववीच्या सक्तीच्या यादीतून काढली. मागणी शिक्षकांचीच होती. ज्याला शिकवायची त्याला शिकवता येईल, एवढी मुभा ठेवली. नववी तिकडची आणि नववी इकडची. पण मी ही कादंबरी काढणार नाही, आणि त्याचे कारण कॅल्पर्निया आहे.

कॅल्पर्निया ही फिंचांच्या घरची स्वयंपाकीण. एका रविवारी ती मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे स्काउटला प्रथमच कळते की या बाईला आपल्या घराबाहेर एक आयुष्य आहे आणि तिथे ती वेगळ्या तऱ्हेने बोलते. तू दोन भाषा का बोलतेस, असे स्काउट विचारते. कॅल्पर्निया सांगते की आपल्या लोकांत गोऱ्यांसारखे बोलले तर ते मिजाशीचे दिसेल. निवेदक गोरी मुलगी असली तरी तिला काय दिसत नाही हे लेखिकेला ठाऊक आहे, त्याचा हा पुरावा. दार एकदाच उघडते आणि लवकर मिटते, पण उघडते.

या प्रकरणावर वर्ग जेवढा बोलला तेवढा टॉमवर बोलला नव्हता. एक मुलगी म्हणाली, "मैं घर में किताबी उर्दू बोलूँ तो अम्मी हँसती हैं. कहती हैं, आ गई बेगम." आणि मराठी बोललीस तर? "तब अब्बू खुश होते हैं. मकानमालिक को फोन मुझसे ही करवाते हैं." दुसरी म्हणाली, दवाखान्यात केसपेपर ती भरते. कोकणी मुलांपैकी एकाने, आजपर्यंत न बोललेल्याने, आजीच्या बोलीतले एक वाक्य म्हणून दाखवले आणि सगळे हसले, आणि मग त्याने दुसरे म्हटले. आपल्या नियतकालिकांत उर्दू की मराठी हा वाद मी विद्यार्थिनी असल्यापासून वाचत आले आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपापली एक भाषा धरून बोलतात. वर्गातली मुले दिवसाला चार भाषा बोलतात आणि कुठे कोणती वापरायची याचा हिशेब त्यांना पेन्सिलीशिवाय जमतो. त्या शनिवारच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांत मराठी उर्दू लिपीत आहे, भोजपुरी देवनागरीत आहे, आणि शिकवण मिळते हे वाक्य एकाही वहीत नाही. परीक्षेत यांतल्या एकाही पानाला दोन गुण मिळणार नाहीत. शुद्धलेखनाचेच कापले जातील.

मनोलिनविषयी लिहिणारा मुलगा गेल्या पावसाळ्यात मला वालीव नाक्यावर भेटला. हाताला तेलाचे डाग होते. सलाम केला, घरचे विचारले. मग म्हणाला, "टीचर, वह लडका फिर बूढ़े के साथ गया क्या?" मी सांगितले की शेवटी मनोलिन म्हणतो, आता मी तुझ्याबरोबरच येणार, घरचे काही म्हणोत. पण म्हातारा झोपतो आणि पुस्तक तिथेच संपते. तो गेला की नाही ते लिहिलेले नाही. त्याने थोडा विचार केला.

"नहीं गया होगा," म्हणाला, आणि शेअर रिक्षा आली तशी पुढच्या सीटवर बसून गेला.